कुरकुरायचा हक्क

बर्लिनमध्ये कायम राहणारा माणूस ओळखायची एक सोपी खूण आहे. तो बर्लिनचं कौतुक करत नाही. भाडी किती चढली, एस-बान ही लोकल आज कुठं खोळंबली, सरकारी कचेरीत कामाची तारीख कशी मिळत नाही, कोपऱ्यावरची जुनी बेकरी जाऊन तिथं कॉफीचं कसलं नखरेल दुकान आलं, हेच त्याचे विषय. उन्हाळ्यात उकडतं म्हणून आणि डिसेंबरात चारच्या आत अंधारतं म्हणून तो सारख्याच निष्ठेनं वैतागतो. कौतुक करायला बाहेरून माणसं येतात. त्यांना तो रस्ता दाखवतो, तोही जरा तुसडेपणानंच.

मीही काही वर्षं तिथं राहून यथेच्छ कुरकुरले. नोकरी तिथं होती, नॉयकोल्न भागात भाड्याचं घर होतं, दाताचा डॉक्टर ठरलेला होता. मग ते सगळं आवरून निघाले. यंदा जूनमध्ये एका कामाला सुट्टीचे चार दिवस जोडून पाहुणी म्हणून परत गेले. पहिल्या संध्याकाळी लांडवेअर कालव्याच्या काठानं चालताना लक्षात आलं, की मी मघापासून नुसतं ‘किती छान, किती छान’ करते आहे. साडेनऊला मावळणारा सूर्य छान, लिंडनच्या फुलांचा घमघमाट छान. याच लिंडनखाली सायकल लावली की झाडावरून ठिबकणाऱ्या चिकट रसानं तिची सीट बरबटायची. पुसल्याशिवाय बसता यायचं नाही. तेव्हा मी या झाडांना काय काय बोलले आहे! आता माझी सायकलच नव्हती तिथं, मग चिकटणार काय? तोंडातून कौतुक बाहेर पडलं आणि आपण या गावचे उरलो नाही हे नक्की झालं.

खरं तर ते विमानतळावरच कळायला हवं होतं. मी शहर सोडलं ते टेगेलवरून. १९७४ सालची ती षट्कोनी इमारत, टॅक्सीतून उतरलं की मोजक्या पावलांवर विमानाचं दार. सामानाची रांग, तपासणी, निरोप, सगळं एका खोलीभर जागेत उरकायचं. रडायचं असेल तर तेही झटपट. ८ नोव्हेंबर २०२० ला टेगेल बंद झालं. पुढं तिथं करोनाची लस टोचायचं केंद्र निघालं आणि २०२२ पासून युक्रेनमधून आलेल्या निर्वासितांची सोय झाली. म्हणजे ज्या दारातून मी बाहेर पडले ते दारच आता विमानाकडे उघडत नाही.

नवा विमानतळ म्हणजे आमच्या काळातला सार्वजनिक विनोद. ३ जून २०१२ ला तो सुरू होणार होता. महिनाभरही उरला नसताना जाहीर झालं, की आग लागल्यास धूर बाहेर काढायची यंत्रणाच धड नाही. त्यानंतर तारखा पडत गेल्या. ऑफिसात एखादं काम रेंगाळलं, की ‘विमानतळाबरोबरच उद्घाटन करू’ असं कुणीतरी म्हणायचंच. अखेर ३१ ऑक्टोबर २०२० ला तो उघडला, करोनामुळे प्रवासीच नसताना. यंदा मी त्या विनोदाच्या आत उतरले. चकचकीत फरशी, लाकडी काउंटर, सगळं व्यवस्थित. हसायला मात्र शेजारी कुणी नव्हतं. भोवतीच्या प्रवाशांच्या लेखी तो एक साधा विमानतळ होता.

तिथून शहरात जायचं तर ‘सी’ विभागाचं तिकीट लागतं, कारण विमानतळ शहराच्या हद्दीबाहेर, ब्रांडेनबुर्गमध्ये आहे. शहरातल्या माणसाचं सारं आयुष्य ‘ए’ आणि ‘बी’मध्ये पार पडतं. माझ्याकडे कायम महिन्याचा पास असायचा, त्यामुळे तिकिटाच्या यंत्राशी फारसा संबंध आला नव्हता. आता कागदी तिकीट काढून ते फलाटावरच्या छोट्या डब्यात घालून त्यावर वेळेचा शिक्का मारून घेतला. इथं आत शिरताना कुठलंही फाटक नाही. साध्या कपड्यांतले तपासनीस मधेच उठून कार्ड दाखवतात आणि शिक्का नसेल तर साठ युरो दंड करतात. पूर्वी शिक्का न मारलेले भांबावलेले पर्यटक पकडले जायचे तेव्हा मी खिडकीबाहेर बघायचे. यंदा मी खिशातलं तिकीट दर दोन स्टेशनांनी चाचपत होते.

शरीराचं वेगळंच चाललेलं असतं म्हणा. ऊ-बानच्या, म्हणजे मेट्रोच्या, फलाटावर उतरल्यावर मी काही विचार न करता चालत शेवटच्या डब्याच्या जागी जाऊन उभी राहिले. आमच्या स्टेशनवर जिना शेवटच्या दरवाजासमोर येतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, रोजच्या घाईत पायांनी ते पाठ केलं होतं. या वेळी उतरायचं होतं हॉटेलच्या स्टेशनवर, आणि तिथला जिना बरोबर उलट्या टोकाला. बॅग ओढत अख्खा फलाट तुडवला.

हॉटेलच्या खोलीत चहा करून घेतला आणि चहाची भिजलेली पिशवी हातात धरून उभी राहिले. खोलीत कचऱ्याचा एकच डबा होता. एकच! ज्यानं या शहरात संसार केला आहे त्याला हा काय प्रकार आहे ते कळेल. अंगणात रांगेनं डबे असतात. निळ्यात कागद, पिवळ्यात प्लास्टिक आणि पत्रा, तपकिरीत ओला कचरा, काळ्यात उरलेलं सगळं. काचेतही पांढरी वेगळी, रंगीत वेगळी. चहाची पिशवी तपकिरीत जाते, तिचं कागदी वेष्टन निळ्यात. पाकिटावरचं झाकण पत्र्याचं असेल तर पाकिटापासून फाडून दोन्ही पिवळ्यात. आणि काच रविवारी टाकायची नाही. रविवार शांततेचा वार, खळ्ळकन आवाज झाला की चार खिडक्या उघडतात. सुरुवातीला हे सारं मला छळ वाटायचं. पुढं मीच घरी येणाऱ्या पाहुण्यांच्या हातातून दह्याचा डबा काढून घेऊ लागले. आणि आता त्या खोलीत शहराची माझ्याकडून काही अपेक्षाच नव्हती. काहीही, कशातही टाका, बाई. मी ती पिशवी निमूटपणे एकुलत्या एका डब्यात टाकली. बराच वेळ ती आपल्याकडे बघते आहे असं वाटत राहिलं.

बाटल्यांची सवय तेवढी सुटली नाही. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर पंचवीस सेंट अनामत असते, बिअरच्या काचेच्या बाटलीवर आठ. दुकानातल्या यंत्रात बाटली घातली की पैसे परत. बाहेर फिरताना रिकामी झालेली बाटली जाणते लोक कचऱ्याच्या डब्यात टाकत नाहीत, डब्याशेजारी खाली उभी करून ठेवतात. बाटल्या गोळा करून त्यावर गुजराण करणारी माणसं शहरात आहेत, त्यांना घाणीत हात घालावा लागू नये म्हणून. मी टेम्पलहोफच्या मैदानावर एका बाकाशेजारी माझी बाटली अशी ठेवली. परत वळून पाहिलं तेव्हा ती गेलेली होती. आल्यापासून मी शहराशी केलेला तो पहिला धड व्यवहार.

हॉटेलच्या बिलात एक ओळ असते, सिटी टॅक्सची. खोलीच्या भाड्यावर साडेसात टक्के. २०२५ च्या जानेवारीपर्यंत तो पाच टक्के होता. पूर्वी कामानिमित्त उतरणाऱ्यांना माफी असायची, ती २०२४ मध्ये गेली. मी या शहरात पगारावर आयकर भरला, घरात टीव्ही नसताना रेडिओ-टीव्हीची दरमहा वर्गणी भरली (ती माणशी नसते, घरटी असते, त्यामुळे सुटका नाही) आणि भरताना दर वेळी दात-ओठ खाल्ले. सिटी टॅक्स मात्र हसून भरला. काउंटरवरच्या मुलाला मी जर्मनमध्ये विचारलं, त्यानं इंग्रजीत उत्तर दिलं आणि सोबत शहराचा नकाशा दिला. नकाशा! मी तो घेतला.

या शहरात राहायला आल्यावर चौदा दिवसांच्या आत कचेरीत जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. घरमालकाच्या सहीचा कागद जोडावा लागतो. देश सोडताना तीच नोंद रद्द करायची. येतानाची नोंद मला चांगली आठवते, त्या कागदाशिवाय बँकेत खातं उघडेना, खात्याशिवाय पगार होईना. जातानाची मात्र दोन मिनिटांत झाली. समोरच्या बाईंनी कागद छापला, शिक्का मारला, ‘शुभेच्छा’ म्हणाल्या आणि पुढचा नंबर पुकारला. मला वाटलं होतं कुणीतरी विचारेल, का चाललात?

पाहुणी होण्याचे फायदे आहेत, नाही असं नाही. उंटर डेन लिंडन हा मोठा राजरस्ता मी राहत होते तेव्हा सतत खणलेला असायचा. ऊ-५ ही मेट्रो मार्गिका आलेक्झांडरप्लात्सपासून पुढं न्यायचं काम चालू होतं. बर्लिनमध्ये भूजल फार वर असल्यानं खड्ड्यातलं पाणी उपसून न्यायला डोक्यावरून गुलाबी-निळे पाइप वळणं घेत जायचे. पर्यटक त्यांचे फोटो काढायचे आणि आम्ही वळसे घ्यायचो. डिसेंबर २०२० मध्ये मार्गिका सुरू झाली, पुढच्या वर्षी म्युझियम्सइन्सेल हे स्टेशन उघडलं. यंदा तिथं उतरले. रुळांवरच्या गडद निळ्या छतात हजारो दिवे ताऱ्यांसारखे लावलेत. कार्ल फ्रीडरिश शिंकेल या वास्तुकारानं १८१६ साली एका ऑपेराच्या नेपथ्यासाठी रंगवलेल्या आकाशावरून ते घेतलं आहे. खरोखर देखणं आहे. मी दोन गाड्या मुद्दाम सोडल्या. धूळ आमच्या वाट्याला आणि तारे यांच्या, असंही मनात येऊन गेलंच. जुनी खोड.

आणि एक गोष्ट, जी राहत असताना माझ्या हातून झाली नव्हती. दालेम हा शहराच्या नैर्ऋत्येचा झाडीचा, बंगल्यांचा भाग. तिथं ईनेश्ट्रासवर बावीस नंबरची एक इमारत आहे. आज तिथं फ्राय युनिव्हर्सिटीचा राज्यशास्त्र विभाग आहे. १९२७ साली ती बांधली गेली ती कैसर विल्हेल्म संस्थेच्या मानववंशशास्त्र केंद्रासाठी, आणि १९२८ मध्ये इरावती कर्वे इथं संशोधनाला आल्या. सासरे धोंडो केशव कर्वे यांचा या जाण्याला विरोध होता. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचा! मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण इतर वंशांपेक्षा वेगळी असते आणि त्याची बुद्धी त्यावरून कळते, अशी त्यांची धारणा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशावरून असा काही फरक पडत नाही हे प्रबंधात मांडलं, त्याच प्राध्यापकांच्या हाताखाली राहून. पुढं याच संस्थेत काय काय चाललं त्याची पाटी १९८८ पासून दारावर आहे. आउशवित्सच्या छळछावणीत मारलेल्यांचे अवशेष इथं ‘संशोधना’साठी येत. २०१४ मध्ये जवळच खोदकाम करताना मानवी हाडं सापडली. ती कुणाची, हे शोधायला वंशावर आधारलेली कुठलीही तपासणी करायची नाही असं ठरलं आणि २०२३ मध्ये त्यांचं दफन झालं.

मी राहायचे तिथून हे ठिकाण तासाभराच्या अंतरावर. इतक्या वर्षांत गेले नाही, कारण शनिवारी बाजार, रविवारी धुणं, सोमवारी पुन्हा ऑफिस. आपण राहतो त्या गावातलं काही बघायला ‘जाऊ कधीतरी’ पुरतं. पाहुण्याला ‘कधीतरी’ नसतं, त्याच्याकडे गुरुवार असतो. त्या गुरुवारी मी त्या दारासमोर उभी होते आणि विद्यार्थी सायकली लावून आत-बाहेर करत होते. त्यांच्यातल्या एकानंही पाटीकडे पाहिलं नाही. बरोबरच आहे, त्यांचा तास होता.

नॉयकोल्नमधल्या आमच्या रस्त्यावर शेवटी गेलेच. फुटपाथवर पितळी पत्र्याचे चौकोनी दगड तसेच आहेत, दहा सेंटिमीटर लांब-रुंद. गुंटर डेमनिग या कलावंतानं सुरू केलेलं हे काम, बर्लिनमध्ये असे दगड आता दहा हजारांवर आहेत. नाझींनी ज्यांना नेलं त्यांच्या शेवटच्या, स्वतःच्या मर्जीनं घेतलेल्या घरासमोर एक दगड बसवतात. बहुतेकांवर पहिली ओळ एकच, ‘इथे राहत होते’. मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठं मारलं. मोठा डॉक्टर असो की शिवणकाम करणारी बाई, दगडाला तेवढंच सांगायचं असतं, की यांचा पत्ता हा होता.

जे वाचले आणि जगभर पांगले त्यांना पश्चिम बर्लिनच्या सरकारनं १९६९ पासून पाहुणे म्हणून बोलवायला सुरुवात केली. प्रवासाचा नि राहण्याचा खर्च शहराचा. पुढच्या दशकांत पस्तीस हजारांहून जास्त माणसं अशी येऊन गेली. ज्या गावात आपलं घर, शाळा, दुकान होतं तिथं हॉटेलात उतरायचं आणि सरकारी बसमधून गाव बघायचं. काहींनी निमंत्रण नाकारलं असेल, काही नुसते आपल्या गल्लीत जाऊन परतले असतील. हे आठवलं, की माझ्या हुरहुरीची मला जरा लाज वाटते. मी स्वतःच्या मर्जीनं आले, मर्जीनं गेले, परतीचं तिकीट खिशात. ही हुरहुर म्हणजे चैन आहे. चैन असली तरी होते, त्याला इलाज नाही.

परत येऊन राहायचं म्हटलं तरी आता ते सोपं नाही, कारण मी जे सोडलं ते शहर नव्हे, भाडेकरार होता. बर्लिनमध्ये बहुतेक लोक भाड्यानं राहतात. करार बेमुदत असतो आणि चालू करारातलं भाडं तीन वर्षांत पंधरा टक्क्यांपलीकडे वाढवता येत नाही. नवा भाडेकरू आला की आकडा उडी मारतो. त्यामुळे जुना करार असलेला माणूस मुलं झाली तरी, मुलं निघून गेली तरी, नवरा-बायको वेगळे झाले तरी घर सोडत नाही. २०२० मध्ये शहरानं भाड्यांवर सरसकट मर्यादा घातली, २०२१ च्या एप्रिलमध्ये घटनात्मक न्यायालयानं ती रद्द केली. त्याच सप्टेंबरात, तीन हजारांहून जास्त घरं असलेल्या कंपन्यांची घरं सार्वजनिक मालकीची करा, असा कौल निम्म्याहून अधिक मतदारांनी दिला. माझे जुने सहकारी भेटले तेव्हा दीड तास फक्त हाच विषय. मी ऐकत होते. मधे एकदा ‘पण हवा किती सुंदर आहे’ म्हणाले. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आमच्या जुन्या इमारतीत तळमजल्याला एक बाई राहतात, ऐंशीच्या आसपासच्या. दिवसा घरी असणाऱ्या त्या एकट्याच, त्यामुळे सगळ्या इमारतीची पार्सलं त्यांच्याकडे पडायची. कुरिअरवाला चिठ्ठी चिकटवून जायचा आणि संध्याकाळी आम्ही त्यांच्या दारात. त्या पार्सल देताना प्रत्येकाला काहीतरी ऐकवायच्या. जिन्यातला दिवा, अंगणातली सायकल, वरच्या मजल्यावरचा पियानो. इतक्या वर्षांत आमचं अहो-जाहो सुटलं नाही.

बेल वाजवली. त्यांनी दार उघडून मला नीट न्याहाळलं.

‘‘तुमचं इथं काही पार्सल नाही,’’ त्या म्हणाल्या. मग हसल्या. ‘‘या, आत या.’’

कॉफी झाली. तब्येतीची विचारपूस झाली. हीटिंगचं बिल कुठून कुठं गेलं ते त्यांनी फाईल उघडून कागद दाखवून सांगितलं. मी विचारलं, आमच्या घरात आता कोण राहतं?

‘‘एक जोडपं आहे. तुम्ही भरत होतात त्याच्या दुप्पट भाडं भरतात. माणसं चांगली आहेत.’’ त्यांनी कप खाली ठेवला. ‘‘पण रविवारी काचा टाकतात.’’

‘‘रविवारी?’’

‘‘सकाळी नऊला.’’

‘‘आणि तुम्ही काही बोलला नाहीत?’’

‘‘चिठ्ठी लावली आहे ना जिन्यात.’’

निघताना मी ती चिठ्ठी उभी राहून वाचली. मुद्दा बरोबर होता, अक्षरही ठसठशीत होतं. तिसऱ्या ओळीतलं ‘कृपया’ मात्र मी घातलं नसतं.